कोवळ्या मक्यातली रोपे कुरतडणारी अळी: पाहणीची वेळ कशी ठरवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मका उगवून आला, पीक छान दिसतेय. मग पाहणीची घाई कशाला?

पीक छान दिसते तेच दिवस पाहणीचे असतात. रोपे आडवी पडलेली दिसू लागतात तोवर अळी मोठी होऊन पोटभर खायला लागलेली असते, आणि तुम्ही ठरवाठरव करेपर्यंत आणखी चार ओळी विरळ होतात. मक्याला फुटवे फारसे येत नाहीत आणि शेजारची रोपे मोकळ्या जागेची भरपाई थोडीच करू शकतात. म्हणून सुरुवातीला गेलेले रोप बहुतेक वेळा कायमचेच जाते.

या पानावरच्या सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे. पाहणी कधी सुरू करायची हे पतंग शेतात कधी आले आणि त्यानंतर हवेत किती उष्णता साठली, यावरून ठरवा. कॅलेंडरवरची तारीख किंवा कुरतडलेली रोपे हा मुहूर्त धरू नका.

आपण नेमक्या कोणत्या अळीबद्दल बोलतोय?

मुख्यतः काळ्या कटवर्मबद्दल. तिचे शास्त्रीय नाव ॲग्रोटिस इप्सिलॉन. जगाच्या बहुतेक खंडांत ही अळी आढळते आणि मक्याखेरीज भाजीपाला, कडधान्ये, कापूस अशा कितीतरी पिकांची कोवळी रोपे खाते. पतंग मळकट तपकिरी असतो. पंख पसरले की साधारण 40 ते 50 मिमी भरतो आणि पुढच्या पंखावर कट्यारीच्या आकाराची काळी खूण असते.

अळी राखाडी ते काळपट आणि तेलकट दिसते. कातडी हाताला आणि भिंगाखाली खरबरीत, बारीक दाणेदार लागते. डिवचली की लगेच गुंडाळी करते. दिवसा ती ढेकळाखाली, पाचटाखाली किंवा मातीत दडून बसते आणि रात्री बाहेर पडते. त्यामुळे भर दुपारी शेताला चक्कर मारून ‘अळी कुठेच नाही’ असे म्हणणे धोक्याचे आहे.

पतंग आल्यापासून रोप कुरतडले जाईपर्यंत मध्ये काय घडते?

एक मादी हजाराच्या वर अंडी घालू शकते. ती अंडी मक्यावर क्वचितच घालते. तिला हवे असते ते जमिनीलगत दाट वाढलेले तण, पाचट आणि ओलसर सखल जागा. म्हणूनच अंडी बहुधा पेरणीच्या आधी किंवा पेरणीच्या सुमारास, शेत अजून तणाने हिरवे असताना पडतात.

काही दिवसांत अंडी फुटतात. बाहेर आलेली अळी जेमतेम 3–4 मिमी असते. ती तणाची पाने खरवडते आणि मका उगवला की त्याच्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके पाडते. या काळात ती रोप कापूच शकत नाही, तिचा जबडा तेवढा मोठा नसतो. अळी कात टाकत टप्प्याटप्प्याने वाढते, त्या प्रत्येक टप्प्याला अवस्था म्हणतात. साधारण चौथ्या अवस्थेत, 10 ते 15 मिमी लांबीची झाल्यावर, ती खोड कुरतडू लागते. तिथून पुढे ती झपाट्याने वाढते. पूर्ण वाढलेली अळी 35 ते 50 मिमी भरते, आणि आयुष्यभरात ती जे खाते त्यातला बहुतांश वाटा शेवटच्या अवस्थेतच खाते. त्यानंतर जमिनीत कोष करते.

अंडी फुटल्यापासून अळी चौथ्या अवस्थेत जाईपर्यंतचे दिवस तुमच्या हातात असतात. पाहणी या दिवसांच्या अखेरीस सुरू झालेली असली पाहिजे.

‘उष्णतेचा हिशेब’ म्हणजे काय? तो घरी करता येतो का?

येतो, वही आणि पेन पुरते. किड्यांचे शरीर बाहेरच्या तापमानावर चालते. थंडीत वाढ रेंगाळते, उबेत पळते. काळ्या कटवर्मच्या वाढीसाठी 10 अंश सेल्सिअस हे खालचे टोक धरतात. त्याच्या खाली तिची वाढ जवळपास थांबते.

दिवसाचे कमाल आणि किमान तापमान घ्या, दोन्हींची सरासरी काढा, त्यातून 10 वजा करा. उरला तो त्या दिवसाचा आकडा. त्याला अंश-दिवस म्हणतात. सरासरी 10 च्या खाली गेली तर त्या दिवसाचा आकडा शून्य धरा, उणे लिहू नका. मोठ्या संख्येने पतंग सापडले त्या दिवसापासून हे आकडे बेरजेत टाकत जा. बेरीज साधारण 50 झाली की अंडी फुटण्याची वेळ आली असे समजा. 165 ते 170 च्या घरात गेली की अळी रोप कुरतडण्याच्या वयाची झाली.

अमेरिकेच्या मका पट्ट्यात हाच आकडा फॅरेनहाइटमध्ये मोजतात. तिथे पाया 50 अंश आणि बेरीज 300 असते. इंटरनेटवर 300 हा आकडा वाचून तो सेल्सिअसच्या बेरजेला लावला, तर पाहणी सुरू होईपर्यंत अळी शेवटच्या अवस्थेत पोहोचलेली असेल आणि बरीच रोपे कापून झालेली असतील. हा घोटाळा होण्यासारखा आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

उदाहरण घेऊ. कमाल 24, किमान 10 असे दिवस असतील तर सरासरी 17 आणि रोजचे 7 अंश-दिवस. 167 गाठायला जवळपास 24 दिवस लागतील. हवा तापली आणि कमाल 28, किमान 14 झाले तर सरासरी 21, रोजचे 11, म्हणजे पंधराच दिवस. फक्त चार अंशांच्या फरकाने आठ-नऊ दिवस अलीकडे आले. ‘मागच्या वर्षी पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात आली होती’ हा हिशेब यंदा का चुकू शकतो, ते यातून दिसेल.

‘मोठ्या संख्येने पतंग’ म्हणजे किती?

मका पट्ट्यातल्या कृषी विस्तार यंत्रणांनी रूढ केलेला निकष असा: एका कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधासारख्या आमिषाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) दोन रात्रींत मिळून 8 ते 9 किंवा त्याहून जास्त नर पतंग. ती दुसरी रात्र झाली की अंश-दिवसांची बेरीज शून्यापासून सुरू करायची.

हंगामात अशा लाटा एकापेक्षा जास्त येऊ शकतात. प्रत्येक लाटेसाठी वहीत वेगळा रकाना करा आणि बेरीज वेगळी चालवा. पहिल्या लाटेतल्या अळ्या कुरतडू लागतात तेव्हा दुसरीतल्या अजून पानांना भोके पाडत असतील. शेतात एकाच दिवशी लहान-मोठ्या अळ्या सापडतात त्याचे कारण बहुधा हेच असते.

सापळा कधी, कुठे आणि कसा लावायचा?

पेरणीच्या बरेच आधी, हवेत ऊब यायला लागली की लगेच. पेरणी झाल्यावर लावलेला सापळा बहुतेक वेळा मुख्य लाट चुकवतो, कारण मादी तणावर अंडी घालून मोकळी झालेली असते.

शेताच्या कडेला, साधारण कमरेच्या ते छातीच्या उंचीवर, वारा मोकळा खेळेल अशी जागा निवडा. आमिष काळ्या कटवर्मचेच आहे याची खात्री करा. वेगवेगळ्या किडींच्या गंधगोळ्या दिसायला सारख्याच असतात. गोळी हाताळताना हातमोजे घाला आणि वेष्टनावर दिलेल्या मुदतीनंतर बदला. शक्य असेल तर रोज मोजा आणि मोजलेले पतंग काढून टाका, नाहीतर तेच उद्या पुन्हा मोजले जातील.

सापळ्यात खूप पतंग आले. लगेच फवारणी करू का?

नको. सापळा फक्त ‘केव्हा’ सांगतो. ‘किती’ आणि ‘कुठे’ हे त्याला माहीत नसते. त्यात नुसते नर येतात, तेही लांबून उडत आलेले. पतंग प्रवासी आहेत, वाऱ्याच्या प्रवाहावर शेकडो किलोमीटर जातात. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मका राज्यांत ही अळी कडाक्याच्या थंडीत टिकत नाही, दर वसंतात दक्षिणेकडून पतंग नव्याने येतात. मादी तुमच्या शेतात उतरली की पलीकडच्या तणाने भरलेल्या पडीक रानात, ते सापळ्यावरून कळत नाही. भरलेला सापळा आणि स्वच्छ पीक, किंवा जवळपास रिकामा सापळा आणि एका सखल कोपऱ्यात आडवी रोपे, दोन्ही शक्य आहे.

माझ्याकडे सापळा नाही. मग?

परिसरात कोणी सापळे लावत असेल, कृषी विभाग किंवा विद्यापीठ त्यांची नोंद देत असेल तर ती तारीख घ्या आणि बेरीज मात्र स्वतःच्या भागातल्या तापमानावर चालवा. तेही नसेल तर उगवण दिसल्यापासूनच पाहणी सुरू करा, आठवड्यातून किमान दोनदा. पानांवरची टाचणीएवढी भोके हा तुमचा इशारा. ती दिसली तर थोड्याच दिवसांत कुरतडणे सुरू होऊ शकते असे धरून चाला. अशी भोके इतर किडीही पाडतात, म्हणून भोके दिसल्यावर माती उकरून अळी शोधायचीच.

कोणत्या शेतांकडे आधी जायचे?

सगळी शेते एकाच दिवशी पाहता येत नाहीत, तेव्हा हा क्रम ठरवणे फार उपयोगाचे. पेरणीआधी तण माजले होते ते शेत सर्वात आधी. त्यातही तण पेरणीच्या तोंडावर किंवा पेरणीनंतर मारले असेल तर धोका जास्त. तणावर पोसलेली अळी भुकेली उरते आणि समोर मक्याशिवाय काही नसते. तण पेरणीच्या किमान दोन आठवडे आधी काढले असेल, तर कोवळ्या अळ्यांना खायला मिळत नाही आणि बऱ्याच मरतात.

नंतर सखल, पाणी धरणारे, उशिरा वाफशावर येणारे तुकडे. मशागत कमी केलेली, धसकटे आणि पाचट राखलेली, आच्छादन पीक घेतलेली किंवा आधी सोयाबीन असलेली शेतेही या यादीत येतात. पाचट राखण्याचे जमिनीला मोठे फायदे आहेत आणि ते सोडा असे मी म्हणणार नाही. फक्त अशा शेतात पाहणीला टाळाटाळ परवडत नाही.

उशिरा पेरलेला मकाही जोखमीचा. अळी मोठी आणि रोप लहान, असा मेळ तिथेच जुळतो.

पाहणी नक्की कधी सुरू करायची आणि किती दिवसांनी पुन्हा?

बेरीज 167 वर पोहोचण्याच्या चार-पाच दिवस आधी पहिली फेरी मारा. हवामानाचा पुढच्या आठवड्याचा अंदाज वापरून तो दिवस आधीच काढता येतो. त्यानंतर आठवड्यातून दोनदा. एक जरी ताजे कुरतडलेले रोप सापडले तर दर दोन-तीन दिवसांनी जा. उबदार हवेत दोन फेऱ्यांमध्ये आठवडा गेला तर नुकसानीचा टक्का कितीतरी वाढलेला सापडतो.

सकाळी लवकर गेलेले बरे. रात्री कापलेली रोपे अजून हिरवी असतात, ताजे नुकसान जुन्यापासून वेगळे ओळखता येते आणि अळी मातीत फार खोल गेलेली नसते.

शेतात गेल्यावर करायचे काय?

शेतातून नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी एका ओळीतली सलग 50 रोपे पाहा, म्हणजे एकूण 250. शेत मोठे असेल तर ठिकाणे वाढवा. नुसत्या बांधाकडच्या ओळी पाहून परतू नका आणि नुसत्या वाईट कोपऱ्यातच मोजू नका. सखल तुकड्याची मोजणी वेगळी ठेवा.

कापलेले, कोमेजलेले आणि भोके पडलेले रोप वेगवेगळे मोजा. कापलेल्या किंवा कोमेजलेल्या रोपाभोवती वितभर घेराची माती पाच-सात सेंटीमीटर खोल हलक्या हाताने उकरा, ढेकळे फोडून पाहा. जमीन कोरडी असेल तर आणखी खोल जा. सापडलेल्या अळ्या पट्टीवर ठेवून मोजा आणि लांबी वहीत लिहा. ही लांबी लिहायचा अनेकजण कंटाळा करतात, पण पुढचा सगळा निर्णय तिच्यावरच उभा आहे.

नियंत्रणाचा निर्णय किती नुकसानीवर घ्यायचा?

बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी आर्थिक नुकसानीची पातळी अशी आहे: अळ्या सुमारे 2 सेंमीपेक्षा लहान असतील तर 2 ते 3 टक्के रोपे कापलेली किंवा कोमेजलेली दिसताच नियंत्रण करावे. अळ्या त्याहून मोठ्या असतील तर 5 टक्क्यांपर्यंत थांबता येते.

हे अनेकांना उलटे वाटते. मोठी अळी जास्त घातक, मग तिला सवलत का? कारण मोठ्या अळीचे खाण्याचे दिवस संपत आलेले असतात, ती लवकरच कोषात जाईल. लहान अळीपुढे अख्खे आयुष्य पडलेले असते. एक अळी वाढ पूर्ण होईपर्यंत सर्वसाधारण तीन ते सहा रोपे कापू शकते. अळ्या बहुतांश 3.5 सेंमीच्या पुढे गेल्या असतील आणि रोपे पाच पानांवर आली असतील, तर फवारणीचा खर्च बहुधा वायाच जातो.

250 पैकी 7 रोपे कापलेली म्हणजे 2.8 टक्के. अळ्या दीड सेंमीच्या असतील तर थांबू नका. त्याच 7 रोपांजवळ 3 सेंमीच्या अळ्या सापडल्या तर दोन दिवसांनी पुन्हा मोजा. रोपांची संख्या मुळातच कमी असेल तर मात्र आधीच पाऊल उचला, तिथे गमावण्याइतकी रोपे नसतात.

वरून कापलेले रोप पुन्हा फुटते का?

कुठे कापले त्यावर अवलंबून. मक्याचा वाढीचा कोंब पाच-सहा पानांपर्यंत जमिनीखाली असतो. अळीने जमिनीच्या वर कापले तर रोप बऱ्याचदा नवे पान काढते, थोडे मागे पडते. कोंबाच्या खाली कापले तर संपले. जमीन ओलसर असताना अळी पृष्ठभागावर येऊन कापते. माती सुकली की ती खाली सरकते आणि जमिनीखाली कुरतडते. कोरड्या हवेतले 3 टक्के नुकसान ओल्यातल्या 3 टक्क्यांपेक्षा जड असते ते यामुळे.

हे नुकसान दुसऱ्या कोणाचे तर नाही ना?

हे तपासल्याशिवाय औषधाचा डबा उघडूच नका. पक्षी रोप उपटून दाणा खातात, त्यामुळे छोटा खड्डा राहतो. हुमणी मुळे खाते आणि रोप उभ्या उभ्या सुकते. वायरवर्म (जमिनीतली तारेसारखी बारीक, कडक अळी) दाण्याला किंवा जमिनीखालच्या खोडाला भोक पाडते. गोगलगाईमागे चकाकता चिकट माग राहतो. रोपमर रोगात खोड बुडाशी मऊ पडते, कुरतडल्याचा काप दिसत नाही.

अमेरिकन लष्करी अळीशी गल्लत सर्वात जास्त होते. ती मुख्यतः पोंग्यात बसून खाते आणि भुशासारखी विष्ठा टाकते. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी फिकट खूण असते आणि शेपटीजवळच्या एका वलयावर चौकोनात चार काळे ठिपके असतात. काळ्या कटवर्मवर हे दोन्ही नसते. तिच्या प्रत्येक वलयावर, पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, काळ्या पुटकुळ्यांची जोडी असते आणि त्यातली पुढची मागच्यापेक्षा बरीच लहान असते. कटवर्मच्याच दुसऱ्या एका मळकट जातीत या दोन्ही पुटकुळ्या जवळपास सारख्या असतात. ती मुख्यतः पाने खाते, रोप क्वचितच कापते. साधे भिंग असो की मोबाईलचा कॅमेरा, ही जोडी पाहूनच नाव ठरवा.

फवारणी करायची ठरली. वेळ कोणती?

संध्याकाळ, कारण अळी अंधार पडल्यावर वर येते. नुकसान ठराविक तुकड्यांत असेल तर तेवढेच तुकडे आणि त्यांच्या आजूबाजूची पट्टी फवारा. मक्यासाठी आणि या किडीसाठी मंजूर असलेलेच कीटकनाशक, लेबलवरच्याच मात्रेत. माती कोरडी आणि अळी खोल असेल तर परिणाम कमी मिळतो. हलकी ओल असताना केलेली फवारणी जास्त लागू पडते.

सरसकट, ‘खबरदारी म्हणून’ केलेली फवारणी मला पटत नाही. जमिनीवर धावणारे भुंगेरे, परोपजीवी गांधीलमाश्या आणि माश्या या अळीला फुकटात मारत असतात. त्यांनाही ते औषध तेवढेच लागते.

बीजप्रक्रिया किंवा बीटी मका असेल तर पाहणी सोडली तर चालेल?

नाही. बीटी मका म्हणजे अळ्यांना मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणारा मका. जिथे त्याला परवानगी आहे तिथेही सगळे वाण या अळीवर चालत नाहीत. व्हिप3ए किंवा क्राय1एफ प्रथिन असलेले वाण उपयोगी पडतात, क्राय1एबी या अळीसाठी पुरत नाही. शिवाय अळीला मरण्यासाठी आधी रोप खावे लागते. तणावर मोठी झालेली अळी मक्यावर आली तर ती मरण्याआधी काही रोपे कापतेच. बीजप्रक्रियेचा जोर अळ्या जास्त आणि मोठ्या असताना अपुरा पडतो.

पाहणी कधी थांबवायची?

मका पाच पानांचा झाला की. इथे पान तेव्हाच मोजा जेव्हा ते खोडाला मिळते तिथली फिकट कॉलर दिसू लागते. नुसती पोंग्यातून डोकावणारी पाने धरू नका. या टप्प्यानंतर खोड जाड होते आणि अळीला ते सहज कापता येत नाही. कधीकधी ती बुडाशी भोक पाडून आत शिरते आणि मधले पान सुकते, पण असे फार थोड्या रोपांत होते. उशिराच्या लाटेची बेरीज अजून चालू असेल आणि शेतात मागे राहिलेला, तीन पानांचा तुकडा असेल, तर तेवढा तुकडा पाहत राहा.

बरीच रोपे गेली. नांग्या भरू की दुबार पेरणी करू?

आधी पाच-सात दिवस थांबा. वरून कापलेली रोपे तोवर फुटलेली दिसतील आणि खरी संख्या कळेल. त्या दिवसांत अळ्या मोजत राहा. 2 सेंमीच्या अळ्या मातीत असताना टाकलेले बी उगवून त्यांच्याच तोंडी जाईल. अळ्यांनी कोष केले असतील, म्हणजे उकरल्यावर तपकिरी, चकचकीत कोष सापडत असतील आणि अळी सापडत नसेल, तर मातीतला धोका बहुतांश टळलेला असतो. नंतर एकरी उरलेल्या रोपांची संख्या आणि हंगामाचे उरलेले दिवस यांचा हिशेब करून ठरवा. मोठ्या रोपांच्या सावलीत उशिरा उगवलेला मका क्वचितच चांगले कणीस धरतो, त्यामुळे तुरळक नांग्या भरण्यात सहसा हशील नसते. ओळीत सलग मोठे खंड पडले असतील तर तेवढ्या पट्ट्यात पुन्हा पेरा.